जागल

माळ्यावर नेटवर्क येतं ते एकाच ठिकाणी,
उजवीकडच्या खांबाशी.
म्हणून अख्खा विश्वचषक त्या खांबाला बांधलेला,
सुतळीचे दोन वेढे देऊन.

खाली हरभरा घाट्यावर आलेला.
धुऱ्यापलीकडे लाखोरी, मग नाला, मग जंगल.
त्यात कोण राहतं त्याचं नाव रात्री घ्यायचं नसतं.
हे चिमूरला राइस मिलवर रात्रपाळीला,
म्हणून डुकरं हाकलायला मामाजी आणि मी,
आणि डालड्याचा एक डबा.

मामाजींनी घोंगडं सावरलं.
"आपले कोन्ते वं?"
आपले नाहीत म्हटलं यात.
"एवढ्या साऱ्या देशांत आपला नाई?"
नाही.
बराच वेळ ते बिडी चाचपत राहिले.
"मंग ज्याचा सदरा जास्त मळला थो आपला."

नखाएवढी माणसं पळत होती.
एवढं हिरवं आमच्याकडे पोळ्यापर्यंत टिकतं.
मधेच चित्र थांबायचं,
एकाचा पाय हवेत तसाच राहायचा,
तेवढ्यात मी डबा वाजवून घ्यायची,
हाऽऽऽ करून चारी दिशांना ओरडायची,
परत बघते तर पाय खाली आलेला
आणि चेंडू भलतीकडे.

दोन वाजले, अडीच झाले. कोणी हरेना.
मग सगळे बाजूला झाले
आणि एकच माणूस उरला, हातमोजे घातलेला,
हात फाकवून.

"ह्या एकटाच काऊन उभा हाय?"
राखण करतो.
"कायची?"
जाळीची.
"जाळीत काय हाय?"
काही नाही, मामाजी.
ते हसले, खोकला येईपर्यंत.
"रिकाम्या वावराची जागल!"

मी हसले नाही.
समोरचा धावत येतो तेव्हा
डावीकडे की उजवीकडे हे डोक्याला कळत नाही,
गुडघ्याला आधी कळतं,
आणि गुडघा चुकला तर
सगळं अंग त्याच्या मागे चुकतं.
खाली पडल्यावर माती तोंडात येते
आणि चेंडू मागे जाळीत लोळत असतो, सावकाश,
जसं काही त्याला घाई नव्हतीच.

एक गेला. एक आला.
त्यानं एक अडवला, मग दोन सोडले.
मळक्या सदऱ्यांची शेवटची पाळी.
पोरगा चेंडू ठेवतो, पुन्हा उचलतो, पुन्हा ठेवतो.
तीन टक्के बॅटरी.
तो धावला,
आणि खांबावर अंधार.

मी फोन हलवला, छातीशी धरून गरम केला. नाही.
तेवढ्यात वारलूच्या माळ्यावरून आरोळी उठली,
लांब, चिरकी, आनंदाची की कशाची ते कळेना.
पैकूला वाटलं कळप शिरला, त्यानं डबा बडवला.
मग नाल्याकाठच्यांनी थाळी,
मग पार टेकडीखालून कोणीतरी पत्रा,
सगळं शिवार उठून बसलं,
कोणाला काहीच माहीत नसताना.
मीही वाजवला, हात दुखेपर्यंत.
लाखोरीतून काहीतरी काळं धावत सुटलं
नाल्याच्या दिशेनं.

हळूहळू एकेक डबा थांबला.
"कोन जितलं वं?"
माहीत नाही.
"मळका?"
माहीत नाही, मामाजी.

मग कसं कोण जाणे, बोलले.
मी पण तिथंच उभी राहायची म्हटलं.
आश्रमशाळेत, आठवीत.
चंद्रपूरला नेलं होतं, पायात दुसऱ्या पोरीचे बूट,
हातमोजे नव्हते.
चार सोडले, एक अडवला.
अडवलेला अजून मनगटात दुखतो, थंडीत.

ते काही बोलेनात.
वाटलं, डोळा लागला.
मग घोंगड्यातून आवाज आला,
"पयलेच काऊन नाई सांगतलं?
दोन वर्सं मी फुकट जागलो."
आणि तोंडावर ओढून घेतलं.

चंद्र टेकलेला.
मी डबा मांडीवरून काढून हातात घेतला,
माळ्याच्या मधोमध उभी राहिले,
गुडघे जरा वाकवून.
डावीकडे हरभरा हलला.
किंवा उजवीकडे.